एकोणपन्नास रुपयांची पेनल्टी

मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्यांकडे तक्रारी ईमेलने येतात. आमच्याकडे त्या जिना चढून येतात. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, आणि ते कुठे आहे हे सगळ्या पेठेला माहीत आहे. गेमचा नवा अपडेट सोडला की दुसऱ्या दिवशी दाराबाहेरच्या चपला बघूनच मला कळतं, किती बिघडलंय ते. मी जयसिंगपूरहून एसटीने येते, तोवर पहिला तक्रारदार पायरीवर बसलेला असतो. हुद्दा म्हणाल तर मी ‘प्लेअर सपोर्ट’. काम म्हणाल तर लोकांना चहा पाजून शांत करायचं. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिरणीचं पीठ जसं आमच्या कीबोर्डवर येऊन बसतं, तसे तेही आपोआप साठतात.

*

आधी आमच्या मालकाची, म्हणजे संग्रामची ओळख करून देते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून हा गडी परत आला, कारण याला कोल्हापूरच्या फुटबॉलचा गेम काढायचा होता. इथे फुटबॉल तालमींचा. आखाडा कुस्तीचा असला तरी प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम असते, आणि टीम हरली की गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नाही. गेमचं नाव ‘पेठ चषक’. खेळाडू इथले, मैदान इथलं, हलगीचा आवाजसुद्धा इथलाच. पैसा मात्र मुंबईच्या एका कंपनीचा. गेम आम्ही बनवायचा, विकायचा त्यांनी, आणि आमचे सगळ्यांचे पगार त्यांच्या हातात.

गेम पहिल्यांदा दाखवला तो चिंचेखालच्या तालमीत. तिथले अध्यक्ष नाना, जुने पैलवान. त्यांनी मोबाइल हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “ह्यात पैसं भरून जिंकता येतंय का?”

सगळे हसले. संग्राम हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि भर तालमीत म्हणाला, “नाना, पैशानं गोल हुणार न्हाय. झाला तर माझं नाव बदला.”

“बरं,” नाना म्हणाले. “नाव काढून ठिवतो मी.”

तुम्हाला ही गंमत वाटेल, पण आमच्या पेठेत ठेवलेलं नाव जात नाही. एकदा कुणाच्या तरी लग्नात दोन पंगतींना जेवलेल्या माणसाला इथे ‘दुबार’ म्हणतात, आणि आता त्याच्या नातवालाही शाळेत ‘दुबारचा’ म्हणतात. नानांनी संग्रामसाठी नाव खरोखरच काढून ठेवलं. काय ते कुणाला सांगितलं नाही, पण संग्राम दिसला की हसायचे. मुंबईच्या कंपनीने शब्द मोडला तर तिचं काय जाणार? संग्रामला रोज त्याच गल्लीतून यायचं-जायचं होतं.

*

पहिली मोठी तक्रार घेऊन आल्या त्या रोहितच्या आई. रोहित म्हणजे जुना आड तालमीचा खराखुरा गोलकीपर. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला आम्ही शंभरपैकी मार्क दिले होते. रोहितला एकसष्ट. काकू बाजारातून थेट वर आल्या, भाजीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “एकसष्ट? बारावीला अडुसष्ट हुतं त्येला.”

संग्रामने समजावून सांगितलं, की हे मार्क वेगळे, यंदा रोहितने बरेच गोल खाल्ले म्हणून कमी आहेत. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यातले निम्मे त्याने अंगात ताप असताना खाल्ले आहेत, तेवढे वजा करा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आम्ही रोहितला अडुसष्ट केलं आणि काकू मला दोन जुड्या कोथिंबीर देऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका तालमीचा गोलकीपर आला, तो बारावीचं गुणपत्रक घेऊनच. त्याला चौऱ्याऐंशी टक्के होते आणि मैदानावर त्याच्या पायातून म्हैस जाईल अशी त्याची ख्याती! त्या दुपारी आम्ही गेममधून सगळ्यांचे मार्कच काढून टाकले.

*

लोकांच्या अपेक्षांचं सांगते. गेम खऱ्यासारखा हवा, पण आपली टीम हरता कामा नये. एकाने एक स्टार देऊन खाली लिहिलं होतं, ‘गेम लई भारी, पण आम्ही हरतोय.’ एकाला मॅच चालू असताना मैदानात कुत्रं यायला हवं होतं, कारण खऱ्या मॅचला येतं. एक जण तीनदा जिना चढून आला तो फक्त एवढं सांगायला, की रेफ्रीला शिव्या द्यायची सोय नाही आणि त्यामुळे मॅच बघितल्यासारखी वाटत नाही.

ही शेवटची सूचना मी हसत हसत मुंबईला कळवली, ती माझी चूक. कंपनीचा प्रॉडक्ट मॅनेजर होता कुणाल. मुलगा वागायला चांगला, आवाज मऊ, पण माणसाला ‘यूजर’ म्हणायचा. त्याने लगेच फोन केला. “ग्रेट आयडिया आहे. शिव्यांचे पॅक करू. साधा पॅक फ्री, प्रीमियम पॅक पेड.”

संग्रामने त्याला समजावलं, की कोल्हापुरात शिव्या विकायला काढणं म्हणजे रंकाळ्यावर उभं राहून वारा विकणं. इथे त्या वडीलधारे प्रेमानेच देतात. कुणालने विचार केला आणि मग म्हणाला, “ओके, म्हणजे सप्लाय जास्त आहे.”

*

मग कुणाल यूजरला भेटायला स्वतः कोल्हापूरला आला. त्याच्या डोक्यात तेव्हा ‘एनर्जी’ नावाचा प्रकार होता. म्हणजे तीन मॅच खेळल्या की तुमचा खेळाडू दमतो. पुढे खेळायचं तर चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा. संग्रामचं त्यावर डोकं फिरलं होतं, पण पाहुण्याला जेवायला नेणं भाग होतं. आम्ही त्याला एका मेसमध्ये नेलं.

तांबडा रस्सा आला, पांढरा आला. वाटी संपली की मेसचे बापू पळी घेऊन हजर. दुसरी वाटी, तिसरी वाटी. कुणालला घाम फुटला होता, नाक वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. आणि तशातही त्याने बापूंना अगदी मनापासून विचारलं, की रश्श्याचे वेगळे पैसे का लावत नाही? तिसऱ्या वाटीला तर माणूस नाही म्हणूच शकत नाही, तेव्हा मागाल ते देईल.

बापू पळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. “पावणं, मधी आडवून पैसं घ्यायचं म्हंजे ती मेस न्हवं, टोलनाका झाला. आन् टोल ह्या गावानं एकदा घालवलाय.”

कुणाल खूप हसला. चौथी वाटी घेतली. मुंबईला पोहोचला आणि एनर्जी सुरू केली.

*

पेठेने त्यावर दोन दिवसांत उपाय काढला. गेम चार तास मोजायचा तो मोबाइलच्या घड्याळावरून. तेव्हा पोरं सरळ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ चार तास पुढे करायची आणि खेळत बसायची. हळूहळू अर्ध्या पेठेच्या मोबाइलमध्ये भलतीच वेळ दिसायला लागली. एक जण दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाला सकाळीच आहेर घेऊन गेला आणि मांडववाल्यांना खुर्च्या लावू लागला.

सगळ्यात जास्त त्रास पूनमला झाला. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक तिथेच उभं राहून कोमट, फेसाळ दूध पितात. असाच एक कट्टा पूनमच्या घरचा. बी.कॉम. झालेली मुलगी, म्हशींचं सगळं तीच बघते आणि इथल्या मुलींसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते. शिवाय चिंचेखालच्या तालमीकडून ‘पेठ चषक’ खेळणारी सगळ्यात तरबेज खेळाडू तीच. तालमीतल्या पोरांना आधी ते जड गेलं, पण सगळे एकेकदा तिच्याकडून हरल्यावर जड जायचं थांबलं.

तर तिच्या कट्ट्यावर भर दुपारी लोक दूध प्यायला हजर व्हायला लागले. वेळ झाली, दूध का नाही म्हणून भांडायला लागले. पूनम त्यांना एवढंच सांगायची, की म्हशीला अपडेट आलेला नाही.

संग्राम या भानगडीत खूश होता. घड्याळाची ही पळवाट आम्हाला सहज बंद करता आली असती. त्याने कुणालला सांगितलं, की आम्ही शोधतोय, सापडत नाही.

*

जर्सीचा किस्सा सांगितला की बाहेरच्या लोकांना खोटा वाटतो. कंपनीने गेममध्ये प्रत्येक तालमीची खास जर्सी विकायला काढली. जर्सी नुसती दिसायची, तिच्यामुळे खेळ बदलत नव्हता, म्हणून संग्रामने मान्य केलं. जुना आड तालमीने रीतसर वर्गणी काढली. गणपतीला काढतात तशी, घरटी. आणि तालमीने मिळून एक जर्सी विकत घेतली.

सकाळी जिन्यावर ही गर्दी! पुढे रोहित. म्हणाला, “ताई, जर्सी घेतली तालमीनं, आन् दिसतीया एकट्याच्या मोबाइलवर.”

मी सांगितलं, की ज्याच्या खात्यावर घेतली त्यालाच दिसणार, प्रत्येकाने वेगळी घ्यायची असते. ते त्याला पटेना. “गणपती काय घरटी येगळा बसवतो व्हय आमी? वर्गणी काढली म्हंजे सगळ्यांचा.” खरं सांगायचं तर मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही, पण कंपनीच्या नियमात तालीम नावाचा प्राणी नव्हता.

तालमीने मग स्वतःच मार्ग काढला. जर्सीवाला मोबाइल आखाड्याशेजारी चार्जिंगला लावून ठेवला. ज्याला जर्सी घालून खेळायचंय त्याने तिथे जाऊन खेळायचं, मागे नंबर लावायचा. मुंबईत कंपनीच्या मशिनला दिसलं, की कोल्हापुरातला एक यूजर सकाळपासून रात्रीपर्यंत न जेवता, न उठता खेळतोय. त्यांनी हा माणूस नाही, प्रोग्राम आहे असं ठरवून खातं बंद केलं.

मी कळवलं, की ही माणसंच आहेत. उत्तर आलं, की खातेदाराचा सेल्फी पाठवा. तालमीने पाठवला. त्यात पंचवीस-तीस माणसं, मारुतीची मूर्ती, आणि पुढे जमिनीवर लंगोट लावलेली दोन पोरं होती. उत्तर आलं, ‘फोटोत चेहरा स्पष्ट दिसत नाही.’

*

आता शेवटचं.

यंदा आम्ही ‘पेठ चषक’ची खरी स्पर्धा घेतली. प्रत्येक तालमीचा एक खेळाडू, आणि फायनल रविवारी संध्याकाळी चौकात, मोठ्या पडद्यावर. फायनलला आल्या चिंचेखालची आणि जुना आड. चिंचेखालच्या तालमीकडून पूनम, जुना आडकडून रोहित. रोहित स्वतः खेळणार आणि त्याच्या टीमचा गेममधला गोलकीपरही रोहितच, कधीकाळचा अडुसष्टवाला.

शुक्रवारी कुणालचा फोन आला. कंपनीने नवं बटन तयार केलं होतं, ‘पुन्हा मारा’. पेनल्टी हुकली की पडद्यावर बटन येणार. एकोणपन्नास रुपये भरले की पेनल्टी परत मारायची, आणि या वेळी समोरचा गोलकीपर जागचा हलणार नाही. पैसे भरणाऱ्याचा गोल व्हायलाच हवा, नाहीतर तो पुन्हा भरणार नाही, असं साधं गणित होतं.

संग्राम नाही म्हणाला. कुणाल मऊ आवाजात म्हणाला, की करारानुसार गेममध्ये बदल करायचा हक्क आमचा आहे, बटन रविवारी सकाळी आम्हीच टाकतो, चाचणी म्हणून आधी फक्त फायनलपुरतं. हवं तर तुम्ही काम थांबवा. म्हणजे इथल्या आम्हा सगळ्यांचे पगार थांबणार. संग्रामने फोन ठेवला आणि खिडकीतून खाली गिरणीकडे बघत बसला. मला कुणालचा एवढा राग कधी आला नव्हता. शिव्यांचा प्रीमियम पॅक त्या क्षणी मी पदरचे पैसे घालून घेतला असता.

शुक्रवारी संध्याकाळी संग्राम रोजच्यासारखा पूनमच्या कट्ट्यावर दूध प्यायला गेला नाही. शनिवारीही नाही. पूनमने मला गाठून विचारलं, “संग्रामदादा दुधाला येईना झालाय. आजारी हाय काय?” मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. बादली उचलली आणि म्हशीखाली जाऊन बसली.

रविवारी चौक भरला. हलगी, झेंडे, सगळं होतं. नाना पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर. संग्राम कडेला, पडद्याच्या दोरीशी उभा, जणू ती दोरी सुटली तर त्याला बरंच वाटणार होतं. मॅच चांगली झाली. शेवटच्या मिनिटाला रोहित एका गोलने पुढे होता आणि पूनमला पेनल्टी मिळाली. गोल झाला तर बरोबरी.

तिने ती नीट, जीव लावून मारली. डाव्या कोपऱ्यात, खाली. पडद्यावरच्या रोहितने झेप घेऊन अडवली. काकूंची शिट्टी अख्ख्या चौकात ऐकू आली.

आणि पडद्यावर ते बटन आलं. भलंमोठं, पिवळं. ‘पुन्हा मारा. फक्त ४९ रुपये.’

हलगी थांबली. नाना पडद्याकडे बघत नव्हते. ते मान वळवून संग्रामकडे बघत होते. संग्राम जमिनीकडे. चिंचेखालच्या पोरांतून कुणीतरी हळूच म्हणालं, “दाब की, पूनमे.”

पूनमने दाबलं.

पैसे गेल्याचा मेसेज पडद्यावर आला, सगळ्यांनी वाचला. बॉल पुन्हा ठिपक्यावर. समोर गोलकीपर हात खाली सोडून उभा, ठरल्याप्रमाणे. डोळे मिटून मारली असती तरी गोल होता. पूनमने बोट टेकवलं, मैदानाच्या एका टोकापर्यंत ओढत नेलं आणि सोडलं. बॉल गोलच्या वरून गेला, गॅलरीच्या वरून गेला, झेंड्यांच्या वरून गेला आणि पडद्याबाहेर निघून गेला. शिट्टी वाजली. चिंचेखालची हरली.

जिंकलेल्या जुना आडवाल्यांनीही हलगी वाजवली नाही. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, सावकाश चालत संग्रामपाशी आले आणि म्हणाले, “संग्राम, जा घरला. जेवून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुणालचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. कोल्हापुरात बटन ज्या एका यूजरला दिसलं, त्या एका यूजरने लगेच पैसे भरले. शंभर टक्के यश! असा आकडा त्याने आजवर बघितला नव्हता. या यूजरचा अभिप्राय मिळाला तर तो मीटिंगमध्ये वाचून दाखवणार होता. मी तेवढा आणून द्यावा.

संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. संग्राम तिथेच ग्लास हातात धरून उभा होता, ओठावर फेस. पूनम धार काढत होती. मी विचारलं, की कंपनीला तुझा अभिप्राय हवाय, बटन कसं वाटलं?

तिने हात थांबवला नाही. “लई भारी हाय म्हणावं. बॉल लई लांब जातोय.”